खिडकीचा दुसरा पडदा

दि. ४ फेब्रुवारी

ती. अक्कांना,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. फोनवर आपल्याला माझं ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलवत नाही, तेव्हा हेच बरं. मी जेवतो आणि झोपतो. आपण दर पत्रात विचारता म्हणून आधीच लिहून टाकलं.

काम असं आहे. आपल्या बहिणीचं शिलाई मशीन बिघडलं आहे. ती गेली तेव्हा माझ्या खोलीचे पडदे शिवत होती. एक टांगून झाला होता. दुसरा अजून मशीनवरच आहे, खालची पट्टी अर्धी शिवलेली. गेलं वर्षभर खिडकीला एकच पडदा आहे. समोरच्या इमारतीतल्यांना मी अर्धा दिसतो. त्यांना सवय झाली असावी.

मागच्या आठवड्यात ठरवलं की उरलेली पट्टी आपणच शिवावी. सरळच तर जायचं आहे. तिच्या दोऱ्याने चार टाके पडले आणि दोरा तुटला. वर्षभर ताणून राहिलेला, कुजला असेल. मी नवा ओवला, तिच्या दोऱ्याच्याच वाटेने. तेव्हापासून कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतो आणि चाक अडकतं. गुंता कापतो, पुन्हा बसतो, पुन्हा गुंता.

घाईचं कारण असं की चिरंजीवांनी ट्रेडमिल मागवली आहे. ती महिनाअखेर येणार आणि तिला मशीनचाच कोपरा हवा आहे. एका जागी चालून कुठेही न पोचण्याला इतकी जागा लागते हे मला माहीत नव्हतं. तो वाईट काही बोलला नाही. मशीन चालत असेल तर ट्रेडमिलला दुसरी जागा बघू, बंद असेल तर बाबांनी उगाच लोखंड कशाला सांभाळायचं, एवढंच म्हणाला. भंगारवाल्याचा नंबर मात्र त्याने फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे.

आपल्याला शिवणातलं कळतं. मशीन जाऊ नये असं मला वाटतं. काय करू ते कळवावं.

लोभ आहेच, तो असाच टपालाने येत राहावा.

आपला नम्र,
धाकटीचे यजमान


दि. ९ फेब्रुवारी

भावजींना अनेक उत्तम आशीर्वाद.
वि. वि.

तुम्ही सुईत दोरा ओवला हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. बटण तुटलं की शर्टच कपाटाच्या तळाशी घालणारा माणूस तुम्ही. धाकटीने हे पाहिलं असतं तर आधी पोट धरून हसली असती आणि मग तुम्हाला उठवून स्वतः बसली असती.

आता नीट वाचा. सुई उलटी बसलेली नाही ना, ते आधी बघा. खालच्या दोऱ्याची बॉबिन काढून परत बसवा, तिचा दोरा तिच्या डबीच्या खाचेतून बाहेर यायला हवा. सुईखाली कापड पुढे सरकवणारे दात असतात, त्यांच्यात कापूस भरतो. जुन्या टूथब्रशने साफ करा. आणि घरात कोणाला हात लावू देऊ नका. तुमच्या घरात सगळे हुशार आहेत म्हणून सांगते.

वर्षभर अर्धी खिडकी उघडी ठेवलीत आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीत. मी पडदा शिवून पाठवला नसता का? अजून पाठवते. रंग तेवढा कळवा.

माझे गुडघे आपल्या जागी आहेत, एवढंच त्यांच्याबद्दल चांगलं सांगता येईल.

माझ्या बोलण्याचा राग मानू नये. मानलात तर तसं लिहावं, म्हणजे पत्र तरी येईल.

तुमची,
अक्का


दि. १६ फेब्रुवारी

ती. अक्कांना,
सा. न. वि. वि.

सुई सरळ आहे. बॉबिन काढून बसवली. दातांतून राखाडी कापसाचा बोळा निघाला, त्यात बरेच रंग होते. तो टाकायचा राहिला आहे. गुंता मात्र कायम.

आणि घरात कळायचं ते कळलंच. चिरंजीवांनी रविवारी बैठक घेतली. ऑफिसात त्याच्या हाताखाली बरीच माणसं आहेत, रविवारी मी असतो. त्याने मला अडचण नेमकी सांगायला लावली. दोरा अडकतो, असं मी सांगितलं. ते लक्षण झालं, अडचण नव्हे, असं तो म्हणाला. मग त्याने भिंतीला कागद लावून त्यावर बाण काढले. सगळे बाण शेवटी ट्रेडमिलच्या कोपऱ्याकडे गेले, पण ते त्याच्या लक्षात आलं नसावं.

सूनबाईने फोनवर एक बाई शोधली, ती हसत हसत मशीन दुरुस्त करते. तिचं मशीन आपल्यासारखं नव्हतं. हसणं चांगलं होतं. सूनबाईच्या मते आपला दोरा हलका. तिने भारी दोरा मागवला. त्याचा गुंताही भारी झाला, कापायला कात्री पुरेना.

मग खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर आले. त्यांना तेल हा एकच उपाय येतो. इमारतीच्या लिफ्टलाही ते तेलच घालतात आणि मग आम्ही जिन्याने जातो. त्यांनी दिसेल त्या भोकात तेल सोडलं. मशीन आता फार सुरेख फिरतं आणि गुंता पूर्वीपेक्षा लवकर होतो.

गुंता खाली होतो म्हणून सगळे आळीपाळीने खाली वाकून शटलकडे, म्हणजे बॉबिन बसते त्या भागाकडे, बघत होते. शटल झिजलं आहे, असं शेवटी एकमताने ठरलं. असं शटल आता कुठे मिळत नाही, हे फोनवरून कळलं. चिरंजीवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. स्वयंपाकघरात जाताना त्याने फ्रिजवरचा भंगारवाल्याच्या नंबराचा वाकडा झालेला कागद सरळ केला.

मी एकाच गोष्टीला नाही म्हटलं. इंजिनिअरना मशीनचा पाय उचलून कापड बाजूला काढायचं होतं. मी त्यांचा हात धरला. असं मी सहसा करत नाही. कापड दाबून धरणारा तो पाय तिने टाकला तसाच आहे, आणि तो मी कोणाला उचलू दिलेला नाही. गुंता मी खालचं झाकण सरकवून तिथूनच कापतो.

पडदा पाठवू नये. हाच पुरा व्हायला हवा. ट्रेडमिलवाल्यांचा महिन्याच्या शेवटच्या शनिवारचा निरोप आहे.

आपण रागावणार नाही अशी आशा आहे. रागावलात तरी उत्तर लवकर द्यावं.

आपला नम्र,
धाकटीचे यजमान


दि. २० फेब्रुवारी

भावजींना अनेक आशीर्वाद.
वि. वि.

शटल ठणठणीत आहे. तुमच्या बैठकीला माझा नमस्कार सांगा. गुंता खाली दिसतो, पण दोष वर आहे.

मशीनच्या तोंडावर दोन गोल चकत्या आहेत, त्यांच्यामधून दोरा जातो. त्या दोऱ्याला धरून ठेवतात. पाय खाली असला की त्या घट्ट मिटलेल्या असतात. मिटलेल्या चकत्यांत दोरा शिरत नाही, नुसता वरवर बसतो. मग त्याला कोणी धरत नाही आणि तो सैल पडून खाली जाऊन गोळा होतो. म्हणून दोरा ओवताना आधी पाय उचलायचा. तुम्ही उचलला नाहीत. मला ते पहिल्या पत्रातच विचारायला हवं होतं, पण पाय न उचलता कोणी दोरा ओवेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

का उचलला नाहीत ते विचारत नाही.

एवढंच सांगते. शिवण अर्धी टाकून, पाय तसाच दाबलेला ठेवून उठायचं, ही धाकटीची लहानपणापासूनची खोड. आई ओरडायची, मी ओरडायचे, कापडावर दाताचे वळ उठायचे, तरी बाईसाहेब उठून चालू लागायच्या. त्या दिवशीही गॅसवर काहीतरी उतू जात असेल नाहीतर दारावर कोणी आलं असेल. तिने तुमच्यासाठी काही ठेवलेलं नाही, भावजी. ती नुसती उठली होती, परत येऊन बसणार होती.

पाय उचला. कापड हलेल. हलू द्या.

बाकी भेटीअंती. तोवर जेवत जा, आणि मी विचारायच्या आधी लिहीत जा.

तुमची,
अक्का


दि. ३ मार्च

ती. अक्कांना,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. घरात कोणी नव्हतं. मशीनपुढे बसून ते पुन्हा वाचलं. मग पाय उचलला. अवघड जाईल असं वाटलं होतं, खटका बोटानेच वर गेला. कापड लगेच सैल झालं. खाली दाताचे वळ होते, आपण लिहिलंत तसे.

दोरा काढला, पुन्हा ओवला, पाय टाकला. मशीन पहिल्या फेरीतच चाललं. पट्टी पुरी केली. तिची शिवण कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते ते खोलीच्या दारातूनही कळतं. माझी जरा हिंडून आली आहे. पडदा टांगला.

शनिवारी ट्रेडमिल आली तेव्हा मी मशीनवर बसून जुनं पायपुसणं शिवत होतो. शिवण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही. चिरंजीव दारात थांबले, मग माणसांना ती हॉलमध्ये न्यायला सांगितलं. मशीन सुधारलं ते आपल्या तेलाने, असं इंजिनिअर लिफ्टमध्ये सांगत असतात. सूनबाईच्या मते ते भारी दोऱ्याने. मी दोघांनाही हो म्हणतो. भिंतीवरचे बाण अजून काढलेले नाहीत.

चिरंजीव पहिल्याच दिवशी हौसेने ऑफिसच्या पँटवरच ट्रेडमिलवर चढले. पँट मागून उसवली. काल ती माझ्यासमोर धरून जमेल का म्हणून विचारलं. मी काळा दोरा ओवला. शिवून होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. आई गेल्यापासून या खोलीत इतका वेळ थांबला नव्हता. आई पाय मारताना गुणगुणायची का, असं त्याने मध्येच विचारलं. मी सांगितलं की गुणगुणायची नाही, दोऱ्याला शिव्या द्यायची. तो हसला, मग खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

पँट झाली तरी गेला नाही. कपाटातून दुसरी घेऊन आला आणि हिचंही जरा बघा म्हणाला. ती पँट धड आहे, अक्का, कुठेही उसवलेली नाही. ठेव, बघतो, असं मी म्हणालो.

गुडघ्यांनी परवानगी दिली की यावं. आपली वाट सगळेच बघत आहेत.

आपला नम्र,
धाकटीचे यजमान