कासुर्डीपर्यंत

वडगाव रासाई, रविवार, जून २००२

आज गुरुजींचा दहावा झाला. सायकल ढकलत चालणारे गुरुजी डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मी चौथीत होते. दिवाळी झाल्यावर आबा, माझे वडील, मेंढरं घेऊन आम्हा सगळ्यांसकट कोकणाकडे निघाले. "पोरीला माझ्या घरी ठेवा, शिकू द्या," म्हणत गुरुजी दिवसभर सायकल ढकलत पार कासुर्डी गावापर्यंत मागं आले. तिथं आबांनी मला त्या सायकलवर बसवलं. परक्या पोरीसाठी माणूस एवढं का चालतो?

आज घाटावर आबा म्हणाले, "तवा तुझी आई जेवली न्हाई. मास्तरांवर लई राग हुता माझा."

"अजून हाय का?"

त्यांनी वाकून नदीचं पाणी तोंडावर मारलं. मग म्हणाले, "उद्या तुझ्या शाळंत येऊ का? पोरांना कशी शिकवतीस, बघतो."