नळी नको

शनि. ९ जाने. २०२१
कोविड वॉर्डात तिसरा आठवडा. खिडकीजवळच्या बेडवर ब्रिडी, वय ९३. माझं नाव तिला जमत नाही, म्हणून मी ‘पेट’, म्हणजे लाडकी. आज विचारते, गेल्या फेब्रुवारीत मत कोणाला दिलंस? म्हटलं, भारतीय पासपोर्ट, फक्त कौन्सिलला मत देता येतं, देशाच्या निवडणुकीत नाही. "मग फोड की एखादी काच." मास्कच्या आत हसले, चष्म्यावर वाफ.

तिची आई तरुणपणी लंडनला दुकानात नोकरीला. बायकांना मत हवं म्हणून काचा फोडल्या, तुरुंगात गेली, जेवण नाकारलं. पहारेकरणींनी दाबून धरलं आणि डॉक्टरने नाकातून नळी घातली. एकदा नाही, रोज. आवाज गेला तो गेलाच. पुढे इथे, मायदेशी परतल्यावर, मत मिळालं तेव्हा मतदान केंद्रातल्या क्लार्कला तिचं नाव ऐकूच येईना, तीनदा सांगावं लागलं.

ब्रि. म्हणाली, "मला ती नळी घालायची नाही. काही झालं तरी. लक्षात ठेव, डॉक्टर." म्हटलं, ग्रँड. इथे ‘बरं, ठीक’ला असंच म्हणतात.

आत कागद न्यायला बंदी. किट उतरवून, बाहेर येऊन, आठवून नोट्स लिहायच्या. ऑक्सिजन, पोटॅशियम, लघवी लिहिली. ही गोष्ट इथे लिहितेय, इतकी छान सांगितली तिने.

मंगळ. १२
नवरा, निखिल, जेवणाचं ताट माझ्या खोलीच्या दाराबाहेर ठेवतो, दोन टकटक, निघून जातो. मला आता आमच्या घरातही ड्यूटीवर असल्यासारखं वाटतं.
ब्रि.ची तब्येत घसरली. भ्रमात आहे, मलाच आई समजते. घोटभर पाणीही गिळता येत नाही.

बुध. १३
बॉस म्हणाले, नळी टाक, फीड सुरू कर. तिच्या मुलाला, डेक्लनला, आत यायला परवानगी नाही. तो फोनवर रडत होता. "आईला उपाशी नका ठेवू हो."
मी म्हटलं, सर, ती एकदा बोलली होती...
"नोट्समध्ये आहे?"
"नाही."
"मग?"
मागे दोन ॲडमिशन थांबलेल्या. फाइल पुन्हा चाळली. नसणारच. मीच लिहिलं नव्हतं. वहीत लिहिलं, मराठीत, गोष्ट म्हणून.
नर्सने हात धरले. तिसऱ्या प्रयत्नात नळी आत गेली. पूर्ण वेळ ब्रि. माझ्याकडे बघत होती. ओळखलं तिने, असं मला वाटतं. लाज वाटते. बाकी काही नाही, नुसती लाज.

शुक्र. १५
तिने नळी दोनदा उपटली. हातांना जाड मोजे बांधायची ऑर्डर. सही माझी.

रवि. १७
ब्रि. गेली. सकाळी साडेनऊ. मोजे मी काढले. बोटं पांढरी पडली होती.

शनि. २० फेब्रु.
डेक्लनचा फोन, वॉर्डवर. आभार मानले आधी. मग म्हणाला, आजीची ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आई नेहमी म्हणायची, मला नळी नको. "त्या दिवशी मी घाबरलो, डॉक्टर. पण शेवटी तिचं मन बदललं असेल ना? तुम्हाला काही बोलली का?"
म्हटलं, बघून सांगते.
काय बघणार आहे मी.

रवि. २१
निखिल म्हणतो, नाही, काही बोलली नाही म्हण. "त्याला बरं वाटेल, तुझ्या नोकरीला धक्का नाही. वही मराठीत आहे, इथे कोण वाचणार?" चिडले त्याच्यावर. चिडायचं स्वतःवर होतं. काल रात्रभर मीही हाच हिशेब करत होते.
हो, नळी नको म्हणाली होती, असं म्हटलं तर तो जन्मभर ते घेऊन फिरेल. नाही म्हटलं तर तिचं म्हणणं कुठेच उरत नाही, या पानाशिवाय.

सोम. २२
९ जानेवारीचं पान काढलं. शेजारी कोरा कागद ठेवून इंग्रजीत उतरवायला घेतलं. ‘मला ती नळी’ इथपर्यंत आले. पुढे ‘लक्षात ठेव, डॉक्टर’ आहे, आणि त्याच्यापुढे माझं ‘ग्रँड’.
डेक्लनला अकराला फोन करते म्हटलंय. दहा पन्नास झाले.