चार विसा नि तेरा

बा, आज कळंबला भाषण देऊन आले. घरी आल्यावर तोंड धुतलं, मग पुन्हा धुतलं, तरी किळस जात नाही. विषय होता म्हातारपण समजून घेण्याचा. पुढे नर्सिंगच्या मुली, मागच्या रांगेत शोभेला आणून बसवलेले म्हातारे. मी तुझीच गोष्ट सांगितली. तांड्यातली पहिली पदवीधर मुलगी, तिनं पुस्तकं वाचून बापाचा विसराळूपणा वेळेत ओळखला, आणि भावानं लगेच बैल त्याच्या हातून काढून घेतले. तू गेल्यापासून मी ही गोष्ट सांगत फिरते आहे आणि दर वेळी टाळ्या पडतात.

खरं काय झालं ते तुला ठाऊक आहे. तू दारापुढे बसून अंबाडीचा दोर वळतो आहेस. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी एका वृद्ध माणसाला प्रश्न विचारून तक्ता भरायचा आहे. घरी आपण बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच बोलायचो, पण मी पुस्तकी मराठीत विचारते म्हणून तूही बाजारातल्या मराठीत उत्तरं देतोस. आजची तारीख? "अमावस्या होऊन तीन दिस झाले." राष्ट्रपतींचं नाव? "ते मले वळखते काय, का मी त्याईले वळखू?" शंभरातून सात गेले तर किती? दोर वळणारा हात क्षणभरही थांबत नाही. "पाच विसातून सात? चार विसा नि तेरा." त्यातून पुन्हा सात? "चार विसा नि सहा. लई सोपं इचारून राह्यली छोरी. कालेजात हेच शिकवतेत काय?"

तू जन्मभर जनावरं वीस-वीसच्या गटांनी मोजलीस. चार विसा नि तेरा म्हणजे त्र्याण्णव. मीही चौथीपर्यंत असंच मोजत होते. तक्त्यावर छापलं होतं, उत्तर जुळलं तरच गुण. मी फुली मारली. पुढच्यालाही फुली मारली. सरांनी वर्गात सांगितलं होतं की सत्तरीनंतर बुद्धी उतरते. तुझी उतरलेली दिसली तर माझं प्रात्यक्षिक चांगलं दिसणार होतं. ते दिसलंही. सरांनी माझा तक्ता वर्गात वाचून दाखवला, आणि मी मान खाली घालून शहाण्या मुलीसारखी हसले.

मग मी घरी येऊन दादाला सांगितलं. दादा बिचारा अडाणी, शिकलेल्या बहिणीचा शब्द त्याला डॉक्टरच्या शब्दासारखा. दुसऱ्याच दिवशी त्यानं बैलांचा कासरा तुझ्या हातातून घेतला. "बा, तू आता बस. इसरशील, कुठी भटकशील." फुलसावंगीच्या बाजाराला एकट्यानं जाणं बंद झालं. वहिनी जेवणानंतर विचारायची, "सांगा बरं, आज कायची भाजी होती?" पोरं फिदीफिदी हसायची. तू मुद्दाम चुकीचं सांगायचास, त्यांना हसवायला. मी तेही वहीत टिपून ठेवलं, लक्षण म्हणून. काही महिन्यांनी एकदा तू मला हळूच विचारलंस, "छोरी, मले झालं तरी काय?" मी म्हटलं, "काही नाही बा, वय झालं." त्यानंतर तू विचारणं सोडलंस, मग बोलणंच सोडलंस. आणि मग खरंच विसरायला लागलास. माझं नाव विसरलास तेव्हा मी रडले, आणि रडता रडता मनात म्हटलं, पाहा, मी बरोबर होते. माणूस किती घाण असू शकतो, हे मला कुठल्याच पुस्तकात वाचावं लागलं नाही.

आज भाषण संपल्यावर मागच्या रांगेतला एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. "म्याडम, बैल काढाच्या आधी तुमच्या बाबाले इचारलं होतं का?" मी काही बोलायच्या आत संयोजकबाईंनी त्याला दंडाला धरलं. "चला आजोबा, चहा थंड होतो ना. शहाणे ना तुम्ही?" लहान लेकराशी बोलावं तसा तो गोड आवाज. पोरी हसल्या. म्हातारा म्हणाला, "शहाणाच हावो बाई, म्हनून तं इचारलं." त्याला बाहेर नेलं. बाईंचा तो गोड आवाज माझाच होता, बा. गेली कित्येक वर्षं मी पोरींना तोच शिकवते आहे.

निघताना संयोजकबाईंनी पुढच्या महिन्यात झरी जामणीला हीच गोष्ट सांगायला बोलावलं. "वडिलांची गोष्ट फार भिडते हो." मी नाही म्हटलं. यापुढे ती गोष्ट माझ्या तोंडून येणार नाही, एवढं तुला सांगायचं होतं. पण त्यांनी कारण विचारलं तेव्हा खरं सांगायचं धैर्य झालं नाही. तब्येत बरी नसते, असं सांगितलं.