दादांची ‘तेर्का’

मांगा, कार्ताहेना
९ फेब्रुवारी

चि. अबेलार्दोभाऊजी यांस,
अ. उ. आ.

तुम्ही पाठवलेली कॉफी पोचली. तिकडे डोंगरात थंडीने तुम्ही काकडत असाल, इथे आम्ही घामाने निथळतोय.

तुमच्या दादांना नाताळापासून अंधुकसुद्धा दिसत नाही. डॉक्टरांनी हात टेकले. पण दर शनिवारी बोट धुवायला जाणं सुटलेलं नाही. मी मरिनाच्या, म्हणजे बोटी बांधायच्या धक्क्यावर आपल्या जागेपर्यंत हात धरून नेते, तिथून पुढे मला हाकलतात. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात पाण्याचा पाइप, आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून सुरुवात. गोड्या पाण्याने खारट थर उतरवायचा, साबण, मऊ ब्रश, पुन्हा पाणी. मग बोटाने पुसून बोट जिभेला लावायचं. खारट लागलं की तेवढा भाग पुन्हा. पाणकोळी पक्ष्यांनी घाण केलेली जागा तर वासावरूनच शोधतात आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

बघायला छान वाटतं, पण मी दुरून नजर हटवत नाही. परवा पाय सटकला आणि बोट नि धक्का यांच्या फटीत गेला. नडगी सोलली. मला म्हणतात, काही नाही गं, ‘तेर्का’ने लाडाने चावा घेतला.

भाऊजी, बोट विकूया. बारान्कियाचे एक गृहस्थ, पुमारेखो, विचारत आहेत. अर्धी बोट तुमची, तेव्हा तुमची सही लागेल. तुमच्या दादांना यातलं काही बोललेले नाही.

तुमची माया अशीच असू द्या.
लेओकादिया


मानिसालेस
२१ फेब्रुवारी

ती. सौ. लेओकादियावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून झोप उडाली. तुमचंच बरोबर आहे. जी बोट तीन वर्षं धक्क्यावरून हललेली नाही, तिला घासून चकाकी कुणासाठी आणायची? दादाला तर ती दिसणारही नाही. बोटीला ‘तेर्का’, म्हणजे हट्टी, असं नाव आम्ही दोघांनी ठेवलं खरं, पण ते शोभतं दादालाच.

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात सुट्टी आहे, तेव्हा येऊन सही करतो. तोवर त्या गृहस्थांना बोट दाखवून ठेवा. दादा चिडला तर खापर माझ्यावर फोडा, लहानपणापासून मला सवय आहे.

स्वतःला जपा, आणि या धाकट्यावर लोभ ठेवा.
आपला,
अबेलार्दो


मांगा, कार्ताहेना
१६ मार्च

चि. अबेलार्दोभाऊजी यांस,
अ. उ. आ.

पुमारेखो येऊन गेले. मी त्यांना दुपारी बोलावलं होतं, ते सकाळीच टपकले. तुमचे दादा धक्क्यावर पालथे पडून, हात कोपरापर्यंत पाण्यात घालून, बोटीच्या कुशीला धरलेलं हिरवं शेवाळ काढत होते. ते गृहस्थ बोटीभोवती फिरले, कठड्यावर हात फिरवला, आणि म्हणाले, बोटीची अशी निगा मी कुठे पाहिली नाही, कोणाला ठेवलंय तुम्ही? तुमचे दादा म्हणाले, मीच. पुमारेखोंनी कौतुकाने हात पुढे केला. तो हात हवेतच राहिला, तेव्हा बिचाऱ्यांना कळलं.

हे कशाला आलेत ते तुमच्या दादांनी लगेच ओळखलं. मी मान खाली घातली. वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. पण ते शांतपणे म्हणाले, घ्यायची तर घ्या, बोट चांगली आहे. फक्त डाव्या कुशीला, पाण्याखाली वीतभर, तिच्या कातडीला फोड आलेत. वरून दिसणार नाहीत. बोट बाहेर काढून बघा, मगच काय ते ठरवा. पुमारेखो विचार करून कळवतो म्हणून गेले.

मी विचारलं, हे सांगायची काय गरज होती? तर म्हणाले, तू घाबरतेस, तर विकू. पण जाईल त्या घरी तिने स्वच्छ जावं, आणि घेणाऱ्याला ती कशी आहे ते ठाऊक असावं.

भाऊजी, लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला मी ओळखते असं समजत होते. मीही त्यांच्या शेजारी पालथी पडले. त्यांनी माझं बोट धरून त्या फोडांवर नेलं. आधी काहीच कळेना. मग डोळे मिटले, आणि लागले हाताला.

सही करू नका. या मात्र नक्की.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
लेओकादिया


मानिसालेस
१२ एप्रिल

ती. सौ. लेओकादियावहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुम्ही दिलेला नारळाचा भात बसमध्येच संपवला. शेजारच्या बाईंना नाइलाजाने घासभर दिला.

धक्क्यापासून बोटीभोवती तुम्ही बांधलेला दोर, आणि दादाच्या कमरेला त्यात अडकवलेला पट्टा पाहून मी चाट पडलो. अशा गाठी तुम्ही कधी शिकलात? दादा कुरकुरत होता की बायकोने बकरीसारखा बांधलाय, पण जो येईल त्याला तो पट्टा दाखवत होता. मला मात्र त्याने एकच कोपरा तीनदा घासायला लावला.

एक गोष्ट तिथे बोललो नाही, ती इथे लिहितो. काम संपल्यावर दादा धक्क्यावर बसला आणि तुम्हाला म्हणाला, आता सांग, कशी दिसते. बोटीबद्दल तुमच्या तोंडून मी कधी बरा शब्द ऐकला नव्हता. तुम्ही झग्याचा ओला घोळ पिळत सांगायला लागलात. पांढऱ्या कुशीवर पाण्याची उन्हं कशी नाचताहेत, पलीकडच्या लाल बोटीची सावली तिच्यात कशी डुलते आहे. दादा मान खाली घालून ऐकत होता. आणि शेवटी तुम्ही म्हणालात, नांगराखाली गंजाचा एक ओघळ राहिलाय. वहिनी, तो सांगितला नसता तरी चाललं असतं, त्याला कुठे दिसणार होता. पण ते ऐकून दादाचा चेहरा असा उजळला, की मी तोंड फिरवलं. तो उठला, दोर चाचपला आणि ब्रश घेऊन नाळेकडे निघाला. तुम्ही पाइप उचलून त्याच्यामागे गेलात.

दादाला नमस्कार. दोघांची माया आहे तशीच राहू द्या.
तुमचा,
अबेलार्दो