ओल्या डांबरावरचे पाहुणे

गुरुवार, २ नोव्हेंबर
सकाळ

प्रिय धाकट्या,

तुला, तुझ्या बायकोला आणि आमच्या छकुलीला खूप खूप आशीर्वाद. आम्ही दोघं सुखरूप आहोत. बाबा सुखरूप आहेत. हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मग चहा घे, कारण वादळाच्या बातम्या ऐकून तुझ्या घशाखाली घास उतरला नसणार. फोनचा टॉवर आडवा झालाय. आमच्या पक्षी-केंद्राची गाडी औषधं आणायला तुमच्याकडे येतेय, ड्रायव्हर हे पत्र दारात आणून देईल. एका परीने बरंच झालं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

घराचं म्हणशील तर गच्चीवरची पाण्याची टाकी उडाली आणि शेजारच्या काकूंच्या अंगणात जाऊन बसली. काकू म्हणतात, आली ती स्वतःच्या पायांनी, आता परत द्यायची नाही. बाकी काचा, पत्रे सगळं जागेवर.

समुद्राकडचं मात्र ओळखू येत नाही. किनाऱ्यावरची सुरूची झाडं आडवी झालीत, वाळूच्या टेकड्या रस्त्यावर येऊन पडल्यात आणि खाऱ्या वाऱ्याने झाडांची पानं एकाच बाजूने करपलीत. मागच्या गोड्या तळ्यात समुद्राचं पाणी घुसलं, तेव्हापासून बेडकांचा आवाज बंद आहे. चांगला पाऊस होऊन तळं धुऊन निघेपर्यंत तिथलं काही खरं नाही. पण खाडीतली खारफुटी! वाकली, भिजली, पण हटली नाही. सगळे बगळे तिच्या पोटात शिरून बसले होते. वारा पडल्यावर अंग झटकत एकेक करून बाहेर आले, तेव्हा मला रडूच आलं.

तू म्हणशील, ताई पाल्हाळ लावतेय. लावतेय खरी. पुढचं लिहायला हात जड झालाय.

आई गेल्यापासून बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, हे तुला माहीत आहे. आयुष्यभर हॉस्पिटलात प्लास्टर घालणारा माणूस. निम्म्या गावाचे हातपाय त्यांनी जोडले, अजून लोक त्यांना प्लास्टर-काका म्हणतात. आणि त्यांच्या तोंडून दिवसभरात एकच शब्द निघायचा, "बरं." जेवता का? बरं. झोपता का? बरं. शेवटी मीच तुला म्हटलं की मला एकटीला झेपत नाही, घेऊन जा. तू खोली रंगवून घेतलीस, रविवारी गाडी घेऊन येतो म्हणालास. त्यांना सांगितलं, तर त्यावरही "बरं."

परवा उजाडताना वारा पडला आणि आमचे पक्ष्यांचे डॉक्टर दारात हजर. "चला ताई, बाजारामागे गाड्या उभ्या करतात ना, तिथे पक्षी पडलेत." खोल समुद्रावर राहणारे पक्षी वाऱ्याने रेटत किनाऱ्यावर आणले होते. वरून ओलं डांबर चकाकतं, त्यांना ते पाणी वाटतं, आणि बिचारे त्यावर उतरतात. मग फसतात. यांचे पाय पार मागे, शेपटीपाशी. जमिनीवरून त्यांना उडता येत नाही, आधी पाण्यावरून धावत जाऊन वेग घ्यावा लागतो. बाबा झोपले होते. काकूंना लक्ष ठेवायला सांगून मी गेले.

खोक्यांत पक्षी भरत होतो, तोच काकू धापा टाकत आल्या. "अगं, तुझे बाबा घरात नाहीत. दार सताड उघडं."

रागावू नकोस, नीट वाच. ते बराच वेळ सापडले नाहीत. हॉस्पिटल पाहिलं, बोटींचा धक्का पाहिला. समुद्र अजून रस्त्यापर्यंत होता, विजेच्या तारा पाण्यात लोंबत होत्या. मी पाण्याच्या कडेने त्यांची चप्पल शोधत फिरले. चप्पल! आणि मनात सारखं एकच, की आता धाकट्याला काय सांगू. आयुष्यात एवढी घाबरले नव्हते.

सापडले ते बाजाराच्याच मागच्या शेडमध्ये; दारातलं डॉक्टरांचं बोलणं ऐकून माझ्या मागोमाग निघाले होते. भाजीच्या उलट्या क्रेटवर बसले होते, नखशिखांत भिजलेले, मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला पक्षी. शेजारच्या क्रेटमध्ये आणखी काही. आणि सगळ्यांच्या पायांना आइस्क्रीमच्या काड्या लावून, सदरा फाडून काढलेल्या पट्ट्यांनी बांधलेलं! मला पाहून ओरडले, "कुठे होतीस? हा सगळा वॉर्ड मी एकट्याने बघायचा का? सगळ्यांचे दोन्ही पाय गेलेत. एकालाही उभं राहता येत नाहीये!"

मी झापणारच होते. पण तिथेच चिखलात बसले आणि त्यांना घट्ट धरून ठेवलं.

मागून डॉक्टर आले. त्यांनी एक पक्षी उचलून पाहिला आणि हसू दाबत म्हणाले, "काका, पाय ठणठणीत आहेत यांचे. यांना जमिनीवर धड चालताच येत नाही."

बाबांनी मांडीवरच्या पक्ष्याचा पाय हलवून पाहिला. "म्हणजे मी धडधाकट पेशंटला खपच्या बांधल्या?"

"बांधल्यात, आणि झकास बांधल्यात. आता केंद्रावर या, पंख मोडलेले खरे पेशंट दाखवतो."

आणि बाबा हसले रे. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई गेल्यापासून हा आवाज मी ऐकला नव्हता.

काल ते पक्षी सोडायला गेलो. खाडीच्या तोंडाशी लाटांनी वाळूचा बांध फोडलाय, आत छान शांत पाणी साठलंय. पट्ट्या बाबांनी परवाच स्वतः कापल्या होत्या; काल गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी एकेकाला अलगद सोडलं. पक्ष्यांनी पंख धुतले, थोडं पोहले, मग पाण्यावर पाय आपटत धावत सुटले आणि उडालेसुद्धा. बाबा मागून ओरडत होते, "सावकाश! सावकाश!"

परतताना म्हणाले, "मी इथून हलत नाही. धाकट्याला कोण सांगणार, तू की मी?"

मी म्हटलं, मी सांगते. तर म्हणे, "तू मुळमुळीत सांगशील."

तेव्हा मुळमुळीत नाही, स्पष्ट लिहिते. माझं 'घेऊन जा' मी मागे घेते. पुन्हा भिंतीकडे वळणार नाहीत अशी हमी माझ्याकडे नाही. पण आज सकाळी चहाही न घेता ते केंद्रावर निघून गेले. तू मनापासून तयारी केलीस, तुला वाईट वाटेल, हे कळतंय मला. तरी आज फार हलकं वाटतंय. तुलाही वाटू दे.

तुझीच,
ताई

ता. क. गाडी निघण्याआधी केंद्रावर येऊन बाबांना पत्र वाचून दाखवलं. पेन हिसकावून घेतलं त्यांनी. खालचं अक्षर त्यांचं.

धाकट्या, रविवारी नक्की ये. न्यायला नको, राहायला ये.
— बाबा