सावडीची मजुरी

मेंझेल तेमीम, ४ सप्टेंबर

चि. मुईज यास झोहराताईचे अनेक आशीर्वाद.

बाबा रे, तुझं शहाणपण मला चांगलंच भोवलं. फ्रान्सातल्या मार्सेयहून आपल्या हरिसाची, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीची, मोठी मागणी आली म्हणून सगळी आळी खुशीत होती. शेजारणी दरवर्षीसारख्या मिरच्या निवडायला आल्या. तुझ्या लघुउद्योगाच्या कचेरीने शिकवलं होतं, धंदा वाढवायचा तर कामाचे पैसे चोख द्यावेत. म्हणून संध्याकाळी मी प्रत्येकीच्या हातात दिनार ठेवले. भिंतीपलीकडच्या रबाहखालाने ते तसेच खिडकीत ठेवले आणि चालती झाली. दुसऱ्या दिवशी एक फिरकेल तर शपथ! समुद्रावरून दमट वारा सुटलाय. मिरच्यांना बुरशी धरली तर मागणी जाईल आणि धंदाही बसेल. कशातच मन लागत नाही. तू मात्र वेळेवर जेव.

तुझी काळजीत पडलेली,
ताई

ट्युनिस, ८ सप्टेंबर

ती. झोहराताईस मुईजचा सा. न. वि. वि.

अगं, इतकी घाबरतेस काय? मजुरी कमी वाटली असेल, दीडपट कर. माझी ताई लहान उद्योगांचा नमुना ठरणार, असं मी साहेबांना छातीठोक सांगून बसलोय. आता ते रोज विचारतात, माल कधी निघणार म्हणून. मलाही इथे चैन नाही. खालाला म्हणावं, तुझे अंजीर चोरणाऱ्या पोराची लाज राख.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
मुईज

मेंझेल तेमीम, २५ सप्टेंबर

चि. मुईजला आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

दीडपट म्हटलं आणि आगीत तेल पडलं. त्याच आठवड्यात खालाकडे रव्याची कुसकुस वळायची होती. वर्षाच्या बेगमीला आपल्याकडे सावड असते, आज माझ्या घरी, उद्या तुझ्या घरी. मला बोलावणंच नाही! पैसे देऊन मीच देणंघेणं मिटवलं, मग कशाला बोलावतील? भिंतीपलीकडे चाळण्या वाजत होत्या आणि मी इकडे रडत होते. शेवटी कारखान्याला कुलूप घातलं, चाळणी उचलली आणि न बोलावता जाऊन बसले. म्हटलं, मिरच्यांचं व्हायचं ते होवो.

दुपारपर्यंत सगळ्या माझ्याकडे पाठ करून वळत राहिल्या. मग खाला कडाडली, की पैसे घेऊन आम्ही तुझ्या मोलकरणी व्हायचं का? द्यायचाच तर धंद्यात वाटा दे, म्हणजे भांडायला तरी हक्क राहील. मी सहाजणींना दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्या मिरच्या निवडायला हजर.

थोड्या मिरच्या गेल्या, बाकीचा माल काल बोटीवर चढला. साहेबांना सांग, आता मालकिणी सात. मीठ कमी, लसूण जाड, म्हणत माझ्याच कारखान्यात सहाजणी मला फैलावर घेतात. काल मात्र किती दिवसांनी ढाराढूर झोपले!

माया आहे ती वाढव.
ताई