बिनऑइलचं पेट्रोल

मंगळवार, संध्याकाळ

मेडशीच्या जावयानं, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, मांगून नेलेली माही झाडं कापाची मशीन पोत्यात घालून आणून टाकली. म्हणे, "तुही मशीनच भंगार आहे." सायलेन्सर काढून पाह्यलं त इंजिन जाम, पिस्टनवर उभे ओरखडे.

"पेट्रोलमध्ये ऑइल टाकलं होतं का?"

"मोटरसायकलमध्ये कुठं टाकतो आपण?"

मोटरसायकल! अन् हा माणूस गावाले अक्कल शिकवते. बिनऑइलचं पेट्रोल! या मशीनले पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा लागते, नाही त इंजिन जाम होते. जावई आहे म्हणून जीभ आवरली. माह्या पोटापाण्याची मशीन मेली, याले त्याचं काहीच कसं नाही? वरून म्हणे, "माह्या दोन बाभळी राह्यल्या, दुसरं काही असन त दे."

मंग मी कुऱ्हाड देली. म्हटलं, "घ्या जावईबुवा, हिच्यात काहीच टाका लागत नाही."